आजीच्या डब्यातला रुपया किती रुपयांचा?

मागच्या अंकात राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेल्या रुपयाबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा आणि व्हॉट्सॲपवर फोटोंचा नुसता पाऊस पडलाय. निम्म्या फोटोंत नाण्यापेक्षा अंगठाच मोठा दिसतोय, आणि जवळपास सगळ्यांचा प्रश्न एकच, "याचे किती येतील?" आता मी काही पुरातत्त्व खात्यातला तज्ज्ञ नाही हो, बँकेत कॅश काउंटरला तीस वर्षं बसलो, थैल्यांमधली चिल्लर मोजता मोजता वेगळी दिसणारी नाणी आपल्या खिशातले पैसे टाकून बदलून घ्यायची सवय लागली आणि तीच पुढे नाद झाली. जेवढं हाताखालून गेलंय तेवढं सांगतो. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि नावं मुद्दाम काढलीत, कारण कोणाच्या कपाटात चांदी आहे हे छापून यायची काही गरज नाही.

प्रश्न : काका, आमची लालबागची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. खोली खाली करताना सासूबाईंच्या ट्रंकेत एका पितळी डब्यात अठरा जुने रुपये सापडले. १८६२, १९०४, १९१८, १९४१, १९४४, १९४७ अशी सालं आहेत. ओळखीचा सोनार म्हणतो सगळ्यांचे मिळून वजनावर देतो, आमचे हे म्हणतात देऊन टाक, आणि जाऊबाई म्हणतात १८६२ चं म्हणजे लाखात जाईल, थांब. कोणाचं ऐकू?

उत्तर : जाऊबाईंचं फक्त "थांब" एवढंच ऐका.

आधी डबा चादरीवर ओता आणि तीन ढीग करा. १९४७ वाले बाजूला काढा, त्यावर मागे वाघ असेल. फ्रीजवर चिकटवायचं मॅग्नेट त्याला लावून बघा, ओढलं जाईल. कारण १९४७ चा रुपया चांदीचा नाहीच, निकेलचा आहे. युद्धानंतर चांदी परवडेना म्हणून. चांदीचा रुपया मॅग्नेटला कधीच चिकटत नाही, आणि १९४५ किंवा त्याआधीचा रुपया चिकटला तर तो नकली समजा, पुढचं वाचायची गरज नाही.

दुसरा ढीग १९४० ते १९४५ चा. यात चांदी निम्मीच आहे, पन्नास टक्के. तिसरा ढीग त्याच्या आधीचा, त्यात ९१.७ टक्के चांदी. तिन्ही ढिगांतल्या रुपयाचं मूळ वजन मात्र एकच, ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा. (आता सोनार तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात ते वेगळं, पण आपल्या आज्या रुपया तराजूत टाकून सोनं तोलायच्या ते याच हिशोबावर.) हिशोब केला तर जुन्या रुपयात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी येते आणि १९४० ते १९४५ च्यात ५.८ ग्रॅम. वापरून वापरून झिजलेला असेल तर थोडी कमी. आता तुम्हीच सांगा, सोनार "सगळ्यांचे मिळून एकच भाव" म्हणतो तेव्हा तो भाव कुठल्या ढिगाचा लावणार? १९१८ चा नक्कीच नाही.

जाऊबाईंच्या १८६२ बद्दल. हे साल बघून भलेभले फसतात. त्या वेळी टाकसाळीत साल बदलायची पद्धतच नव्हती म्हणा ना, १८६२ हेच साल घालून १८७४ पर्यंत रुपये पाडत राहिले. फरक ओळखायला नक्षीत बारीक ठिपके वाढवत गेले, आणि ते ठिपके मोजत बसणारे लोक आहेत, त्यातले एकदोन प्रकार चांगले पैसे देतात. पण साधा १८६२ म्हणजे गल्लोगल्ली मिळणारा रुपया. १९१८ चं तर विचारूच नका. पहिल्या महायुद्धात इथे रुपयांची इतकी टंचाई झाली की अमेरिकेनं खास कायदा करून स्वतःचे पंचवीस कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी इंग्रजांना विकली, तिचे रुपये पडले. म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या डब्यातल्या रुपयात आधीच्या जन्मीचा डॉलर असू शकतो. ऐकायला भारी वाटतं, पण नाणी कोट्यवधींनी आहेत त्यामुळे भाव चांदीच्या जरा वर, इतकाच.

मग लाखाची गोष्ट कुठली? दोन सालं लक्षात ठेवा, १९११ आणि १९३९. १९१० ला पाचवा जॉर्ज गादीवर आला, १९११ च्या रुपयावर त्याच्या अंगरख्यावर गळ्यातल्या साखळीत एक हत्ती कोरला होता. सोंड इतकी आखूड की लोक म्हणाले हे तर डुक्कर! नाण्यावर डुक्कर म्हटल्यावर बोंबाबोंब झाली, सरकारनं नाणं मागे घेतलं. साधारण ९४ लाख पाडले होते, त्यातले ७ लाखच बाहेर गेले, बाकीचे वितळवले. पुढच्या वर्षी सोंड लांब करून हत्ती नीट हत्तीसारखा केला. म्हणून १९११ चा रुपया हवाहवासा. आणि १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया तर त्याहून दुर्मिळ, त्याच्याबद्दल माझी स्वतःची एक फजिती आहे ती खाली सांगतो. तुमच्या यादीत दोन्ही नाहीत. पण अठरापैकी सहाच सालं लिहिलीत, बाकीचे परत एकदा चष्मा लावून बघा.

आणखी एक. साल साधं असलं तरी नाणं जर पाडलं तस्संच, कोरं राहिलं असेल तर भाव पार बदलतो. राणीच्या कपड्यावरची नक्षी, राजाच्या दाढीचे केस, मुकुटावरचे मणी, हे उंच भाग आधी झिजतात, ते स्पष्ट दिसतात का बघा. माळेत ओवायला कडी डाग दिलेली असेल, भोक असेल, तर मात्र संग्राहक हात लावत नाही, ती फक्त चांदी. थोडक्यात, सोनाराचा भाव म्हणजे तुमची खालची पायरी, ती कुठे पळून जात नाही. एकदा वितळली की मात्र सासूबाईंचा डबा परत येणार नाही.

प्रश्न : सर, मी अंधेरीला जॉब करतो. माझ्याकडे माता वैष्णोदेवीचं ५ रुपयांचं कॉइन आहे, ऑनलाइन साइटवर सेम कॉइन १० लाखाला लिस्टेड आहे. मी किती कोट करू?

उत्तर : पाच रुपये.

गंमत सोडा. हे नाणं २०१२ साली देवस्थानाच्या मंडळाला २५ वर्षं झाली म्हणून काढलं, ५ चं आणि १० चं, आणि चलनात भरपूर सोडलं. दरवर्षी नवरात्राच्या आसपास त्याच्या व्हिडिओंना ऊत येतो. यात समजून घ्यायची गोष्ट एकच आहे, लिस्टेड म्हणजे विकलं गेलेलं नाही. मी उद्या माझी छत्री दोन लाखाला लावली तर वेबसाइट मला अडवणार थोडीच. बघायचं ते ऑक्शन संपल्यानंतर शेवटची बोली कितीला लागली ते. नाण्यांचे जे व्यवस्थित लिलाव होतात त्यांचे निकाल नंतर उघड असतात, तिथे तुमचं नाणं शोधा. सापडलंच नाही तर तेही उत्तरच आहे, इतकं साधं नाणं लिलावात घ्यायला कोणाला वेळ नाही. एकदम कोरं, टाकसाळीच्या पाकिटातलं असेल तर शंभर-दोनशेच्या घरात कोणी हौशी घेईलही. तुमचं खिशातलं आहे ना? मग चहा प्या.

प्रश्न : मी कल्याणला राहतो, रिटायर्ड आहे. ट्रॅक्टरवाली ५ रुपयांची नोट आणि ७८६ नंबरची एक नोट यांचे फोटो एका ठिकाणी टाकले होते. एका माणसाचा फोन आला, दोन्हीचे साडेआठ लाख देतो म्हणाला, रिझर्व्ह बँकेचं पत्रपण पाठवलं. रजिस्ट्रेशनचे १,९९९ भरले, मग जीएसटीचे ११ हजार. आता म्हणतो इन्कम टॅक्स क्लिअरन्सचे २५ हजार भरा की लगेच पेमेंट. घरात सांगितलेलं नाही. भरू का?

उत्तर : नाही. एक रुपया पण नाही. आणि हे वाचून झालं की आधी १९३० ला फोन लावा, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे, जितक्या लवकर कळवाल तितके पैसे मधेच अडकवता येण्याची शक्यता जास्त. चॅट, नंबर, पैसे ज्या खात्यात गेले त्याचे स्क्रीनशॉट, काही डिलीट करू नका.

विकणाऱ्यानं पैसे भरायचे हा उलटा धंदा जगात कुठे असतो सांगा. तुम्ही भाजी विकायला बसलात आणि गिऱ्हाईक म्हणालं आधी मला पंधराशे द्या मग मी मेथी घेतो, तर? रिझर्व्ह बँक जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या खरेदी-विक्रीत पडतच नाही, कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही, कमिशन मागत नाही, हे त्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितलंय. तुम्हाला आलेलं पत्र कोणीतरी मोबाइलवर पाच मिनिटांत बनवलेलं आहे. ट्रॅक्टरची नोट आमच्या पिढीनं दूधवाल्याला दिलीय हो, वह्यांत ठेवलीय, लाखो घरांत आहे. ७८६ ची हौस आहे लोकांना, बंडलात सलग नंबर वगैरे असले तर चार पैसे जास्त देतात, पण लाखाचा विषयच नाही.

आणि घरी सांगा. मी काउंटरवर बसून बघितलंय, माणूस फसला म्हणून बुडत नाही, पण लाजेपोटी गप्प बसून तिसरा हप्ता भरतो तिथे बुडतो. तुमच्यासारखी याच महिन्यात चार पत्रं आलीत, त्यातलं एक तर वकिलांचं आहे.

प्रश्न : बोरिवलीत राहतो, गाव रत्नागिरीकडे. जुनं घर पाडून पाया खणताना मजुराला एक फुटका गाडगा आणि त्यात साठ-सत्तर तांब्याची जाड ओबडधोबड नाणी मिळाली. काहींवर देवनागरी अक्षरं आहेत. शिवरायांची असतील का? भाऊ म्हणतो कोणाला बोलू नको, गुपचूप मुंबईला घेऊन जा.

उत्तर : भावाचं ऐकू नका, आणि हे मी उपदेश म्हणून नाही, कायदा म्हणून सांगतोय. जमिनीत सापडलेल्या ठेव्याचा कायदा १८७८ चा आहे आणि अजून लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं (आणि १८७८ चे दहा रुपये आजही दहाच आहेत, बदललेले नाहीत!) तर कलेक्टरला लेखी कळवायचं, काय सापडलं, कुठे, कधी. तहसीलदाराकडे गेलात तरी रस्ता दाखवतील. लपवलं तर हक्क जातो आणि वर शिक्षा. कळवलं आणि चौकशीत जुना वारस कोणी निघाला नाही, तर आपसात काही ठरलं नसेल तेव्हा चारातले तीन हिस्से सापडलेल्या माणसाला आणि एक हिस्सा जागेच्या मालकाला अशी त्यात सोय आहे. सापडलं कोणाला म्हणालात? मजुराला. त्याला विसरू नका.

आता नाण्यांचं. महाराजांनी १६७४ ला राज्याभिषेक झाला तेव्हा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत "श्री / राजा / शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्र / पति", भोवती ठिपक्यांचं गोल. पण नाणं हातानं, घणाचा घाव घालून पाडलेलं, तांब्याचा तुकडा कधी छोटा कधी वाकडा, त्यामुळे सगळी अक्षरं एका नाण्यावर क्वचितच बसतात. कुठे "श्री" अर्धी, कुठे "पति" गायब. म्हणून चार-पाच नाणी शेजारी ठेवून वाचायची, मग लिहिलेलं जुळतं.

खरी गोम पुढे आहे. शिवराई महाराजांच्या नंतरही पाडतच राहिले, छत्रपतींच्या पुढच्या पिढ्या, पेशवाई, नंतर इंग्रजांच्या सुरुवातीच्या काळातही ती चालत होती. या उशिराच्या शिवराईवर ओळींच्या मध्ये दोन आडव्या रेघा दिसतात, तिला दुदांडी शिवराई म्हणतात, आणि बाजारात जी ढिगानं मिळते ती बहुतेक हीच. शंभर-दोनशेला मिळते कधीकधी. तुमच्या गाडग्यात पण दुदांडी निघण्याचीच शक्यता जास्त. वाईट वाटून घेऊ नका, नाव तर त्यांचंच आहे ना तिच्यावर. राज्याभिषेकाच्या काळातली शिवराई ओळखायला अक्षरांचं वळण, ठिपके, वजन असं बरंच बघावं लागतं आणि त्यावर अभ्यासकांचीही आपापसात भांडणं चालू असतात, फोटोवरून मी छातीठोक सांगणार नाही.

आणि एक विनंती, नाणी वेगवेगळी करून वाटू नका, गाडग्याच्या खापरासकट एकत्र ठेवा. एकटी शिवराई नुसतं तांबं आहे, पण साठ नाणी एका गाडग्यात, कुठल्या घराखाली, किती खोल, हे सगळं मिळून त्या गावाची गोष्ट होते. ही गोष्ट कुठल्याही डीलरकडे विकत मिळत नाही. बाय द वे, होन निघाला असेल तर मला फोटो पाठवू नका, थेट कलेक्टर ऑफिस. बाजारात येणारे होन इतके नकली असतात की मी आता बघायचंच सोडून दिलंय.

प्रश्न : डोंबिवलीहून. एका ओळखीच्यांकडे ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं नाणं आहे, त्यावर रामदरबार आहे आणि ते चुंबकासारखं तांदूळ ओढतं म्हणतात. परदेशी कंपनी करोडो देते, आपण पण पैसे गुंतवायचे का?

उत्तर : पळा तिथून. कंपनीनं राम-सीता-हनुमान असलेलं नाणं कधीच पाडलं नाही, १८१८ लाही नाही आणि दुसऱ्या कुठल्या सालीही नाही. हे देवळाबाहेर विकायची टोकनं आहेत. तांदूळ ओढायचा प्रयोग दाखवतात तो शुद्ध हातचलाखीचा, आणि त्या नादात लोकांनी स्वतःचे फ्लॅट विकलेत.

प्रश्न : काका, दादरला माझा भाजीचा गाळा आहे. रोज हजार-दीड हजाराची चिल्लर हातातून जाते. त्यात एक रुपया असा आलाय की एका बाजूला सिंह बरोबर आणि दुसऱ्या बाजूला पण सिंहच, पण उलटा आणि आत दबलेला. दुसरं एक १० चं आहे त्याच्या मधलं पितळी-पांढरं जुळत नाही, मधला भाग थोडा बाहेर आलाय. हे चालतील का?

उत्तर : दादा, पहिलं नाणं आधी गल्ल्यातून बाजूला काढा, कागदात गुंडाळा, खिशात चाव्यांबरोबर ठेवू नका. ते खरोखर चांगलं दिसतंय!

होतं असं. टाकसाळीत नाणं दोन ठशांच्या मध्ये दाबलं जातं. कधी आधीचं नाणं ठशालाच चिकटून राहतं, बाहेर पडत नाही. मग पुढचा कोरा गोल तुकडा येतो त्याच्या एका बाजूला खरा ठसा उमटतो आणि दुसऱ्या बाजूला त्या अडकलेल्या नाण्याचा. म्हणून सेम चित्र, आरशातल्यासारखं उलटं आणि खोल गेलेलं. याला ब्रॉकेज म्हणतात, आपल्या बाजारात लखी म्हणूनही ओळखतात. दोन्ही बाजूला सिंह उभारलेला असता, म्हणजे वर आलेला, तर मी म्हटलं असतं कोणीतरी दोन नाणी कापून जोडलीत. तुमचं दबलेलं आहे, चित्र पूर्ण आहे का अर्धं यावर भाव ठरतो. दोन-तीन ठिकाणी दाखवल्याशिवाय देऊ नका.

दुसरं १० चं मात्र सोडून द्या. त्यातला मधला गोल आणि बाहेरचं कडं हे दोन वेगळे धातू दाबून बसवलेले असतात, हातोडा मारला की मधला भाग हलतो, पोरं हे उद्योग करतात. टाकसाळीतली चूक आणि नंतरचा मार यात फरक असा करा, नाणं बाहेर आल्यावर मार लागला असेल तर कुठेतरी ओरखडा, चेपलेली कड, वर आलेला धातू दिसतो. टाकसाळीतल्या चुकीत पृष्ठभाग तसाच गुळगुळीत असतो. ॲसिडमध्ये टाकून पातळ केलेली, तव्यावर भाजून रंग बदललेली, ग्राइंडरवर एक बाजू घासून कोरी केलेली, सगळे नमुने एरर म्हणून माझ्यापर्यंत आलेत.

तुमच्याकडे रोज चिल्लर येते म्हणून अजून दोन गोष्टी बघत जा. नाण्याचं चित्र एका बाजूला सरकलंय आणि दुसरीकडे कोरी कोर उरलीय का, जितकं जास्त सरकलेलं तितकं चांगलं, पण साल दिसलं पाहिजे. आणि नाणं सरळ धरून पुस्तकाचं पान उलटल्यासारखं फिरवा, आताच्या आपल्या नाण्यांची मागची बाजू पण सरळच दिसायला हवी. एकदम उलटी दिसली तर ठसा फिरलेला आहे. थोडासा तिरका असेल तर सोडा, ते हजारोंनी आहेत.

प्रश्न : गिरगावातून लिहिते. आमच्या देवघरात आठ चांदीचे रुपये आणि थोडे ढब्बू पैसे आहेत, दर लक्ष्मीपूजनाला चिंच लावून, मग पावडरीनं घासून लख्ख करतो. भाचा म्हणाला तुम्ही नाण्यांची वाट लावली. खरं का?

उत्तर : भाचा तोंडानं फटकळ आहे पण बरोबर बोलला.

तांब्याच्या नाण्यावर वर्षानुवर्षं जो चॉकलेटी थर चढतो ना, तो मळ नाही, ते नाण्याचं कातडं आहे. चिंचेनं ते सोललं जातं, पावडरीनं बारीक ओरखडे पडतात, आणि भिंगाखाली ते लगेच कळतं. मी स्वतः आठवीत असताना आजोबांचे १८३५ चे कंपनीचे पाव आणे लिंबू आणि राखेनं घासून नव्यासारखे केले होते, शाबासकी मिळेल म्हणून, आजोबांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं आणि मला कारण कळायला वीस वर्षं लागली.

पण तुमची नाणी देवघरातली आहेत, विकायची नाहीत ना? मग खुशाल घासा, पूजेचं नाणं लखलखीत असलेलंच शोभतं. फक्त उद्या डब्यात अजून काही सापडलं तर त्याला हात लावायच्या आधी भाच्याला फोन करा. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून ठेवायचं, घासायचं नाही, मऊ कापडानं टिपायचं. चिकट, तेलकट असेल तर केमिस्टकडच्या शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून काढतात, खिडकी उघडी ठेवून आणि गॅस बंद करून. नाणं बोटांत धरताना कडेला धरा, मुंबईच्या घामानं तर तांब्यावर बोटांचे ठसे कायमचे उमटतात. आणि ते स्वस्त मऊ प्लास्टिकचे वास येणारे अल्बम मिळतात ते नकोत, दोनचार पावसाळ्यांत त्यातून हिरवा चिकट राप सुटतो.

प्रश्न : मी ठाण्याला सातवीत आहे. मला नाणी जमवायची आहेत पण पैसे नाहीत. कुठून सुरुवात करू?

उत्तर : अरे, पैसे नाहीत हीच बेस्ट सुरुवात! आईच्या पर्समधली चिल्लर रात्री घे आणि सालाच्या खाली बघ. पत्त्यातल्या चौकटीसारखा छोटासा शंकरपाळा दिसला की ते आपल्या मुंबईच्या टाकसाळीचं, म्हणजे फोर्टात रिझर्व्ह बँकेसमोर जी जुनी दगडी इमारत आहे तिथलं. चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. आता एक ध्येय ठरव, एक रुपयाचं दर सालाचं आणि प्रत्येक टाकसाळीचं एकेक नाणं. वाटतं तितकं सोपं नाही, काही जोड्या मिळता मिळत नाहीत, मग मित्रांशी अदलाबदल कर. एखाद्या रविवारी बाबांना घेऊन छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा, तिथली नाणी बघ. रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं म्युझियम पण फोर्टातच आहे, सर फिरोजशाह मेहता रोडवर अमर बिल्डिंगमध्ये, पण जायच्या आधी कधी उघडं असतं ते विचारून घे.

थोडक्यात उरलेले : २० पैशांचं कमळाचं पिवळं नाणं सोन्याचं नाही, पितळी आहे, १९६८ पासून काही वर्षं पाडलं, भंगारवाल्यांनीच ती अफवा उठवली असावी असा माझा संशय. १९६४ चं नेहरूंचं नाणं आपलं पहिलं स्मारक नाणं म्हणून जपा, किमतीसाठी नको. १९४३ पासूनचा भोकाचा पैसा युद्धात तांबं वाचवायला काढला होता, घरोघरी आहे. १९८५ च्या रुपयावर सालाखाली इंग्रजी एच अक्षर असेल तर तो बर्मिंगहॅमहून पाडून आणलेला, गंमत म्हणून ठेवा. ₹ चिन्ह नसलेलं १० चं नाणं बंद झालेलं नाही, रिक्षावाल्यानं नाकारलं तर तो चुकतोय. २५ पैसे आणि त्याखालची मात्र ३० जून २०११ पासून चलनातून गेली.

प्रश्न : खरंच विकायचं झालं तर मुंबईत कुठे जायचं? फसवणार नाही असा कोणी सांगा. (हे सतरा जणांनी विचारलंय.)

उत्तर : दुकानाचं नाव मी छापणार नाही. फोर्टात डीलर आहेत, शहरात वरचेवर नाण्यांची प्रदर्शनं भरतात तिथे एका छताखाली पन्नास टेबलं असतात. एकच नाणं तीन टेबलांवर दाखवा, कितीला घ्याल विचारा, आणि मग लांबच्या चौथ्या टेबलावर तसंच नाणं कितीला देणार ते विचारा. दोन्हीतला फरक म्हणजे त्यांचं मार्जिन, तेवढं त्यांना मिळायलाच हवं, दुकान चालवायचंय त्यांना. पण पाचपट फरक असेल तर उठा. मोठ्या किमतीचं असेल तर लिलावात द्या, कमिशन आधी लेखी घ्या. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं कायद्यानं पुरावस्तू ठरतं, ते परदेशी गिऱ्हाइकाला कुरिअर करायच्या फंदात पडू नका.

आता ती फजिती. सत्याण्णवच्या दिवाळीत बोनस हातात होता, फूटपाथवर एकानं रुमालातून १९३९ चा रुपया काढून दाखवला. माझे हातच थरथरायला लागले. घासाघीस करून निम्मा बोनस देऊन घेतला, ट्रेनमध्ये तीनदा खिसा चाचपला. घरी भिंगाखाली धरला तर शेवटच्या नऊच्या पोटाशी डावीकडे बारीक खरवडल्याच्या रेघा. १९३८ चा होता, आठाचा एक कोपरा तासून नऊ केलेला. दुसऱ्या दिवशी गेलो तर रुमाल पण नाही आणि माणूस पण नाही. तो रुपया अजून माझ्याकडे आहे, कोणी १९३९ चा घेऊन आलं की आधी तो शेजारी ठेवतो.

पुढच्या अंकासाठी फोटो पाठवणार असाल तर पांढऱ्या कागदावर, दिवसाउजेडी, दोन्ही बाजू आणि कड, शेजारी शाळेची पट्टी ठेवून काढा. वजन वाण्याच्या नाही, सोनाराच्या काट्यावर करून लिहा. आणि अंगठा बाहेर ठेवा.